बलिप्रतिपदा : तीन दिवसांचे राज्य आणि मुदत नसलेली इच्छा

१

दिवाळीचे दिवस ज्या क्रमाने येतात त्या क्रमातच एक कोडे दडलेले आहे. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर कारीट डाव्या पायाने चिरडले जाते. ते फळ म्हणजे नरकासुर, अशी समजूत आहे. मध्ये एक अमावास्या जाते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, कारिटाच्या बिया अंगणातून पुरत्या झाडल्याही गेलेल्या नसतात तोच, दुसऱ्या एका असुराचे राज्य यावे अशी इच्छा त्याच घरात उच्चारली जाते. एका असुराचा वध साजरा करावयाचा आणि दुसऱ्याला बोलवावयाचे, ह्यात विसंगती आहे असे सण करणाऱ्यांना कधी वाटलेले नाही. अभ्यासकांना मात्र ते वाटले पाहिजे.

ह्या विसंगतीची दोन उत्तरे मराठीत प्रचलित आहेत. पहिल्या उत्तराप्रमाणे बळी हा येथील प्रजेचा मूळ राजा. वामनकथा ही त्याच्या पराभवाची जेत्यांनी रचलेली हकिकत आणि प्रतिपदेचा लोकोच्चार ही जितांची जपून ठेवलेली आठवण. दुसऱ्या उत्तराप्रमाणे ह्यात नवल काहीच नाही. बळी हा विष्णुभक्त. भगवंतांनीच त्याला वर्षातून काही दिवसांचे राज्य वर म्हणून दिले आणि लोक तो वर पाळतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही दोन्ही उत्तरे बहुधा शेजारीशेजारी मांडली जातात आणि 'दोन्ही मतांत तथ्य आहे' असे लिहून विद्यार्थी पुढील प्रश्नाकडे वळतो. दोन्ही उत्तरे ज्या सामग्रीवर उभी आहेत ती एकत्र ठेवून पाहिली, तर मतभेदाची जागा मात्र निराळीच निघते. पुराण बळीची निंदा करते आणि लोक त्याचा गौरव करतात, हा तो भेद नव्हे. बळीचे राज्य किती काळाचे आणि ते मागणारे कोण, ह्या दोन प्रश्नांवर ग्रंथ आणि लोकोच्चार एकमेकांपासून वेगळे होतात.

२

विष्णूची तीन पावले ऋग्वेदाइतकी जुनी आहेत. पहिल्या मंडलातील १५४ वे सूक्त त्यांचेच आहे; पण तेथे वामन नाही, बळीही नाही. शतपथब्राह्मणात विष्णू प्रथम वामनरूपाने येतो. असुर पृथ्वी वाटून घेत असताना देव त्यांच्याकडे वाटा मागतात, असुर 'हा जेवढ्या जागेवर निजेल तेवढी देतो' असे कुरकुरत कबूल करतात आणि विष्णू म्हणजेच यज्ञ असल्यामुळे देवांना सारी पृथ्वी मिळते. ह्या कथेतील असुर निनावी आहेत. भूमीचा वाटा, कमी मोजलेले माप आणि शब्दात अडकलेला देणारा, हे कथेचे तिन्ही घटक येथे तयार आहेत. देणाऱ्याला चेहरा तेवढा नाही.

तो चेहरा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास लोकांच्या चांगल्या परिचयाचा झालेला होता. पतंजलीने महाभाष्यात (पाणिनी ३.१.२६) प्रयोजक क्रियापदांची चर्चा करताना कंसवध आणि बलिबंधन हीच उदाहरणे घेतली आहेत, आणि ती घटना पूर्वी घडून गेलेली असतानाही वर्तमानकाळात कशी बोलता येते, ह्याचे उत्तर देताना ती प्रत्यक्ष करून दाखवणाऱ्यांचा, चित्रांचा आणि कथा सांगणाऱ्यांचा निर्देश केला आहे. व्याकरणाच्या ओघात आलेला हा पुरावा मोलाचा आहे. बळीची कथा आज उपलब्ध असलेल्या पुराणांच्या आधीपासून दाखवली आणि ऐकवली जात होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

महाभारताच्या शांतिपर्वातील बळी सर्वांत अनपेक्षित आहे. राज्य गेल्यानंतर तो एका ओसाड घरात गाढवाच्या रूपाने राहत असतो. इंद्र त्याला शोधून काढतो आणि तुझे छत्र कोठे, चामर कोठे, असे हिणवतो. बळी रागावत नाही. हे तुझ्या कर्तृत्वाने झालेले नाही, काळाने झालेले आहे, तुझ्यासारखे कित्येक इंद्र होऊन गेले, असे तो शांतपणे सांगतो. नंतर त्याच्या देहातून श्री तेजस्वी स्त्रीरूपाने बाहेर पडते आणि इंद्राकडे जाते. ह्या संवादात बोलण्याचा मान हरलेल्याकडे आहे आणि जिंकलेला निरुत्तर आहे. पुराणे म्हणजे केवळ जेत्यांचे दप्तर, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आवर्जून वाचावा. श्री बळीच्या देहातून निघाली ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

भागवताच्या आठव्या स्कंधात कथा पूर्णत्वाला पोहोचते. तेथील नाट्य तीन पावलांत नाही, ते दानाच्या आधीच्या क्षणात आहे. याचक कोण आहे हे शुक्राचार्य ओळखतात आणि बळीला शब्द फिरवण्याचा सल्ला देतात. सर्वस्व जात असताना असत्य बोलणे निंद्य नाही, असा युक्तिवादही पुरवतात. बळी गुरूची अवज्ञा करतो, शाप पत्करतो आणि जाणूनबुजून पाणी सोडतो. म्हणजे हा फसलेला राजा नाही. फसवणूक समोर दिसत असताना दिलेला शब्द पाळणारा राजा आहे. पुढे गरुड त्याला वरुणपाशांनी बांधतो. पत्नी विंध्यावली, आजोबा प्रल्हाद आणि स्वतः ब्रह्मदेव त्याच्या बाजूने बोलतात. तिसऱ्या पावलासाठी तो आपले मस्तक देतो. आणि भगवंत त्याला सुतलात पाठवून त्याच्या दाराशी रक्षक म्हणून राहण्याचे पत्करतात. सावर्णी मन्वंतरात तो इंद्र होईल असेही सांगितले जाते. नवविधा भक्तीत आत्मनिवेदनाचे उदाहरण म्हणून बळीचे नाव घेण्याची परंपरा ह्याच प्रसंगावर आधारलेली आहे. 'पाताळात गाडले' हे सर्वतोमुखी झालेले वाक्य भागवताच्या पाठाशी जुळत नाही. मराठीत भागवतावरचा सर्वांत थोर ग्रंथ एकनाथांचा. तो अकराव्या स्कंधापुरता आहे. आठव्या स्कंधाला त्या तोडीचा मराठी भाष्यकार मिळाला असता, तर 'गाडणे' हे क्रियापद एवढे रूढ झाले असते की नाही, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

३

कथा ही एक गोष्ट आणि विधी ही दुसरी. बलिप्रतिपदेचा विधी हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीपासून कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूपर्यंत (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूपर्यंत (१७९०) निबंधग्रंथांतून सांगितला गेला आहे. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात ती सामग्री एकत्र आणली आहे. तिचा बराचसा भाग भविष्योत्तर पुराणातून येतो. राजाने आपल्या वाड्यात पंचरंगी चूर्णांनी द्विभुज बळीचे चित्र काढावे. शेजारी विंध्यावली असावी, भोवती बाण, कूष्मांड, मुर इत्यादी असुर असावेत, आणि राजाने बंधू व मंत्री यांसह रात्री त्याची पूजा करावी. सामान्य जनांनी घरात शय्येवर पांढऱ्या तांदळांनी बळी मांडावा. ह्या दिवशी दिलेले दान अक्षय होते. जो ह्या दिवशी आनंदात असतो त्याचे वर्ष आनंदात जाते आणि जो रडतो त्याचे वर्ष रडण्यात जाते. भविष्यात पुन्हा इंद्र होणाऱ्या बळीची ही पूजा आहे, आणि ती राजाने करावयाची आहे. शास्त्रकाराला बळी कोठेही अडचणीचा वाटत नाही.

त्याच सामग्रीत एक खेळ सांगितलेला आहे. त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. कुश-काशाचा नवा बळकट दोर करावयाचा. त्याच्या एका टोकाला राजपुत्र आणि दुसऱ्या टोकाला हीन मानल्या गेलेल्या जातींचे लोक, अशी ओढाओढ लावावयाची. हीन जातींचा जय झाला तर राजाला ते वर्षभर जय मिळतो, असे त्याचे फल आहे. समाजरचना वर्षातून एक दिवस उलटी करावी, ती उलटी झाली तरच शुभ मानावी आणि दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत व्हावी, ह्याची व्यवस्था ह्या विधीत आहे. बळीला दिलेले राज्य नेमके ह्याच प्रकारचे आहे. काही वचनांत ते एका अहोरात्राचे आहे, काहींत चतुर्दशीपासून तीन दिवसांचे. मुदत मात्र सर्वत्र आहे. मुदतीवाचून दिलेले राज्य शास्त्राला ठाऊक नाही. बळीची उदारता, त्याचे सत्य, त्याचे भावी इंद्रपद हे सर्व मान्य करून ग्रंथ एकच गोष्ट राखून ठेवतो, आणि ती म्हणजे काळ.

हे 'बलिराज्य' किती दूरवर ठाऊक होते ह्याची साक्ष एका परकीयाने दिली आहे. अल्‌ बेरूनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दिवाळीचे वर्णन करताना हे नावच नोंदवले आहे. लोक स्नान करून नवी वस्त्रे नेसतात, एकमेकांना विडा-सुपारी देतात, रात्री सर्वत्र दिवे लावतात, असे तो सांगतो. कारण देताना म्हणतो की, वासुदेवाची पत्नी लक्ष्मी ह्या दिवशी सातव्या पृथ्वीत बंदिस्त असलेल्या विरोचनपुत्र बळीला वर्षातून एकदा मोकळे करते. हा काळ कृतयुगातील सुखाच्या काळासारखा आहे म्हणून लोक आनंदतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे.

येथे लक्ष्मी बळीची सुटका करते. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाचे म्हणून जे कारण व्रतकथांतून आणि पंचांगांतील माहितीतून सांगितले जाते, ते ह्याच्या नेमके उलट आहे. तेथे लक्ष्मी बळीच्या बंदिवासात असते आणि विष्णू तिला सोडवून आणतो. एका कथेत बळी कैदी आणि लक्ष्मी मुक्तिदात्री. दुसरीत लक्ष्मी कैदी आणि बळी तुरुंगाधिकारी. शांतिपर्वातील तिसऱ्या कथेत कैद नाहीच. श्री आपल्या पायांनी निघून जाते. तिन्ही कथांत पात्रे तीच, प्रसंग तोच, अमावास्या-प्रतिपदेचा सांधाही पुढच्या दोन कथांत तोच. फिरते ती फक्त किल्ली. ह्यांतील मूळ कोणती हे विचारण्यापेक्षा, संपत्तीने पराभूतामागे जावे की जेत्यामागे ह्या प्रश्नाचे तीन उत्तरकाळ येथे नोंदले गेले आहेत, असे पाहणे अधिक फलदायी ठरते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बळीपूजन का येते, ह्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाखाली एवढा साठा आहे.

४

आता मराठी लोकोच्चाराकडे यावयाचे. तो सर्वांना पाठ आहे, तेव्हा त्याची घडण तेवढी पाहावी. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात 'इडापिडा' जाण्याची इच्छा आहे, दुसऱ्यात 'बळीचे राज्य' येण्याची. आधी घालवणे, मग बोलावणे. पसायदानातील कित्येक क्रियापदे ज्या ओकारान्त आशीर्वादार्थी रूपाची आहेत त्याच रूपाची ही दोन क्रियापदे आहेत, आणि तेथेही दुरिताचे जाणे व मंगलाचे होणे ही जोडी आढळते. एकाने दुसऱ्याचे घेतले असा ह्याचा अर्थ नव्हे. मागणे मागण्याची ही मराठीची जुनी रीत आहे आणि ग्रंथकार व गृहिणी दोघांनीही ती वापरली आहे.

हे दोन भाग एकत्र कसे आले, ह्याचा धागा पुन्हा विधीत सापडतो. निबंधग्रंथांत अमावास्येच्या मध्यरात्री स्त्रियांनी सुपे आणि वाद्ये वाजवीत आपल्या अंगणातून अलक्ष्मीला हाकलून द्यावे, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात त्याच वेळी किंवा प्रतिपदेच्या पहाटे घर झाडून, केर सुपात घेऊन, दिव्यासह बाहेर टाकण्याची चाल ठिकठिकाणी होती आणि आजही काही घरांतून आहे. अलक्ष्मीला घालवणे हा रात्रीचा विधी स्त्रियांचा. बलिराज्य हा दुसऱ्या दिवसाचा विधी मुख्यतः राजाचा. लोकोच्चाराचा पहिला भाग पहिल्या विधीशी आणि दुसरा भाग दुसऱ्या विधीशी नेमका जुळतो. हे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते घ्यावे; पण ते मान्य केले तर एक मोठा बदल स्पष्ट दिसतो. ग्रंथात राजा ज्याची पूजा करतो त्या बळीचे राज्य मराठी उच्चारात केर टाकणारी, ओवाळणारी स्त्री मागते. चित्र वाड्याच्या भिंतींच्या आतून निघून उंबऱ्यावर आले. काही भागांत बळीची आकृती शेणाची करतात. पंचरंगी चूर्णे गेली आणि गोठा आला. खरिपाचे धान्य खळ्यावर येण्याचे हे दिवस आहेत, गाईगुरांची पूजाही ह्याच दिवसांत होते, तेव्हा हे स्थलांतर नैसर्गिकच म्हटले पाहिजे.

दुसरा बदल त्याहून सूक्ष्म आहे. शास्त्रातील राज्याला मुदत आहे. लोकोच्चारात ती नाही. तीन दिवसांसाठी यावे, एका रात्रीसाठी यावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय 'येवो' म्हणण्यासाठी ते राज्य आलेले नसावे लागते. शास्त्राच्या हिशेबाने प्रतिपदेला बळीचे राज्य चालू असते. बोलणाऱ्या स्त्रीच्या हिशेबाने ते अजून यावयाचे असते. वर दिला गेला आहे असे ग्रंथ म्हणतो. वर अजून पदरात पडलेला नाही असे क्रियापदाचे रूप म्हणते. बलिप्रतिपदेचे सारे वाङ्मयीन मर्म एका मुदतीच्या गळण्यात आणि एका क्रियापदाच्या रूपात साठवलेले आहे.

शेजारच्या प्रदेशांशी तुलना केली की हे अधिक उठून दिसते. केरळात ओणमच्या वेळी महाबली वर्षातून एकदा प्रजेला भेटावयास येतो आणि परत जातो. तो सण श्रवण नक्षत्राशी बांधलेला असल्याने आपल्याकडील भाद्रपदातील वामनद्वादशीला जवळचा आहे, दिवाळीला नव्हे. तृक्काक्करा येथील प्रसिद्ध देवालय वामनाचे आहे. अंगणात मातीची जी शंक्वाकार मूर्ती ठेवतात तिला तृक्काक्करप्पन म्हणतात. स्वागत बळीचे आणि मूर्ती वामनाशी जोडलेली, ह्यात तेथील लोकांनाही काही विसंगत वाटत नाही. तुळुनाडूत दिवाळीला 'बलींद्रा'ला दिवे दाखवून साद घालतात. तेथील पारंपरिक कथनात त्याच्या कायमच्या परतण्याला अशा अटी घातलेल्या आहेत की त्या निसर्गात कधीच पुऱ्या व्हावयाच्या नाहीत. म्हणजे केरळ वार्षिक भेटीवर समाधान मानतो आणि तुळुनाडू कायमच्या परतण्याचा प्रश्न उघडपणे उपस्थित करून तो अशक्याच्या हवाली करतो. मराठी उच्चार भेटही मागत नाही आणि अटही ऐकत नाही. तो थेट राज्य मागतो.

५

ह्या मागणीकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले ते जोतीराव फुले यांनी. 'गुलामगिरी' (१८७३) मधील धोंडीबा-जोतीराव संवादात वामनकथेची अक्षरशः छाननी आहे. एवढे मोठे पाऊल पृथ्वीवर पडले तेव्हा त्याखाली किती गावे चेंगरली असतील, अशा प्रश्नांनी ते अद्भुताला व्यवहाराच्या अंगणात उभे करतात. मग त्याच कथेतून ते बळीच्या राज्याचा कारभार उभारतात. खंडोबा हे नाव ते 'खंडा'शी जोडतात, म्हसोबा हे 'महासुभ्या'शी. लोकदैवते ही त्या राज्यातील अधिकाऱ्यांची स्मृती ठरते, आणि स्त्रियांच्या ओवाळण्यातील बळीच्या राज्याची इच्छा हा त्या स्मृतीचा बोलता पुरावा ठरतो.

ह्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तसे म्हणण्याने फुल्यांचा अधिक्षेप होत नाही. बळीच्या राज्याचा इतिहास म्हणून गुलामगिरीतील मांडणी स्वीकारता येत नाही. परंतु निबंधकारांनी शतकानुशतके ज्या विधीचे तपशील लिहिले, त्या विधीत बोलणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारणारा पहिला वाचक म्हणून फुल्यांचे स्थान अढळ आहे. शास्त्रकाराने बळीला काय दिले हे सांगितले. लोक बळीकडे काय मागतात आणि ते का मागतात, हे त्याने विचारले नाही. गळलेली मुदत फुल्यांच्या ध्यानात आली होती. त्यांनी तिचे स्पष्टीकरण भूतकाळात शोधले. उच्चारातील क्रियापद मात्र भूतकाळाचे नाही, हे त्यांच्या अनुयायांकडून पुष्कळदा निसटले. आ. ह. साळुंखे यांच्या 'बळीवंश' ह्या ग्रंथापर्यंत चालत आलेल्या विचारपरंपरेत बळीच्या ऐतिहासिकतेचा शोध ठळक राहिला. तो शोध चालू राहावा. पण उच्चाराचा अर्थ लागण्यासाठी त्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

'बळीराजा' हा शब्द शेतकऱ्याचा पर्याय म्हणून आजच्या मराठीत रूढ झाला आहे, त्याच्या मागे ही सारी वाटचाल आहे. ह्या नावाला चिकटलेल्या दुसऱ्या अर्थांनीही त्याला हातभार लावला असावा. संस्कृतात 'बलि' म्हणजे प्रजेने, विशेषतः भूमी कसणाऱ्याने, राजाला द्यावयाचा भाग. मराठीत 'बळी' म्हणजे जो दिला जातो तो. ज्याच्याकडून भाग घेतला जातो तो आणि जो स्वतःच भाग म्हणून जातो तो, असे दोन्ही अर्थ एका नावात ऐकू येतात. ही व्युत्पत्ती नव्हे, ध्वनिसाम्याने साधलेली अर्थवृद्धी आहे. पण पत्रकार, कवी आणि वक्ते तिच्यावरच जगतात.

१९८० नंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बळीराज्याची भाषा शेतमालाच्या भावाच्या आंदोलनात आणली. इच्छार्थी क्रियापदाची जागा तेथे मागणीच्या भाषेने घेतली. त्याच संघटनेने १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. त्या कार्यक्रमाचे नाव 'लक्ष्मीमुक्ती' असे होते. नाव देणाऱ्यांच्या मनात लक्ष्मीपूजनाची बंदिवासकथा होती असे गृहीत धरण्याचे कारण नाही. ज्या पुरुषाला बळीराजा म्हणून संबोधिले जात होते, त्यालाच घरातील लक्ष्मी मोकळी करण्यास सांगितले गेले आणि किल्ली पुन्हा एकदा हात बदलून गेली. प्रतिपदेच्या पहाटे सूप घेऊन उंबऱ्याबाहेर येणारी जी स्त्री बळीचे राज्य मागत आली, तिच्या नावावर त्या राज्यातील जमीन किती, हा प्रश्न निबंधग्रंथांनी विचारला नव्हता आणि 'बळीराजा' ह्या शब्दाच्या स्तुतिपाठकांनीही क्वचितच विचारला होता.